प्रस्तावना : सरंजाम, वहिवाट आणि मान्यता

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 12 एप्रिल 1960 रोजी दिलेल्या एका निकालात 'सरंजाम' हा आपला शब्द आहे. वादी पोर्तुगाल, प्रतिवादी भारत. भांडण दमणहून दादरा आणि नगर हवेलीकडे जाणाऱ्या वाटेचे होते. वाटेवर हक्क सांगायचा तर वाट जिथे पोचते तो मुलूख आपला आहे, हे आधी दाखवावे लागते. म्हणून पोर्तुगालच्या वकिलांनी पुणे दरबारचा 1779 चा तह आणि 1783 व 1785 च्या सनदा न्यायालयापुढे ठेवल्या. पेशव्यांनी हा मुलूख आम्हाला दिला, असे त्यांचे म्हणणे होते. भारताचे उत्तर असे की पेशव्यांनी मुलूख दिला नव्हता, वर्षाला बारा हजार रुपयांचे उत्पन्न लावून दिले होते.

न्यायाधीशांनी त्या कागदांचे वेगवेगळे पाठ आणि भाषांतरे ताडून पाहिली. पेशव्यांना एखादा मुलूख कायमचा तोडून द्यायचा असला की ते तसे स्वच्छ लिहीत, त्यांच्या इतर तहांत तशी भाषा सापडते. या कागदांत ती नाही, असे निकालात नोंदवले गेले. म्हणजे पोर्तुगिजांना मिळाला तो महसुलाचा सरंजाम, राज्य नव्हे. सवाई माधवरावांच्या लहानपणी पुण्याच्या कारकुनांनी लिहिलेले शब्द पावणेदोनशे वर्षांनी युरोपातल्या एका सभागृहात असे तोलले गेले. भारताची बाजू ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड मांडत होते आणि भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते महंमद करीम छागला. दोघेही मुंबईच्या उच्च न्यायालयात घडलेले.

जागतिक राजकारणाची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाची सुरुवात मी या निकालापासून करतो आहे, त्याला कारण आहे. हा विषय म्हणजे दूरच्या राजधान्या, मोठ्या नेत्यांचे हस्तांदोलन आणि परीक्षेपुरत्या पाठ करायच्या व्याख्या, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. विद्यार्थी सार्वभौमत्वाची व्याख्या घडाघडा म्हणतात, पण सार्वभौमत्व कुठून येते असे विचारले की थांबतात. दादरा-नगर हवेली आणि गोवा यांच्या वीस वर्षांच्या प्रकरणात या शास्त्राच्या जवळजवळ सगळ्या मूळ कल्पना आणि सगळे खेळाडू भेटतात, आणि ते आपल्या उंबऱ्यापाशी भेटतात.

त्या निकालाकडेच आधी पुन्हा जाऊ. पेशव्यांनी सार्वभौमत्व दिले नव्हते, एवढे म्हणून न्यायालय थांबले नाही. पुढे ते म्हणाले की मराठ्यांचे राज्य जाऊन इंग्रज आले, तेव्हा इंग्रजांनी या गावांवरचा पोर्तुगिजांचा अंमल कधी अमान्य केला नाही. न बोलता मान्यच केला. स्वतंत्र भारतानेही तो तसाच चालू दिला. त्यामुळे सनदेत नसलेले सार्वभौमत्व पोर्तुगालला मिळाले ते इतरांच्या मान्यतेतून. मला हे वाक्य या विषयाचे प्रवेशद्वार वाटते. जगाच्या राजकारणात आपण कोण आहोत हे आपण एकट्याने ठरवत नाही. ते इतरांनी मानावे लागते. सैन्य, पैसा, कायदा, प्रचार, परिषदा या साऱ्यांची धडपड बहुतेक वेळा त्या मान्यतेसाठीच चाललेली असते: ती मिळवण्यासाठी, रोखण्यासाठी किंवा काढून घेण्यासाठी.

मग वाटेचे काय झाले? इथे न्यायालयाने जे केले ते आपल्या कोणत्याही शेतकऱ्याला लगेच कळेल, कारण बांधावरच्या रस्त्याचे दावे आपल्याकडे घरोघरी आहेत. न्यायालयाने वहिवाट पाहिली. सव्वाशे वर्षे माणसे, मुलकी अधिकारी आणि माल विनाअडथळा ये-जा करत होते. ती वहिवाट झाली, तिच्यातून हक्क निर्माण झाला. सैनिक, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे मात्र दर वेळी परवानगी घेऊन जात; परवानगीची वहिवाट होत नाही. म्हणून पहिला हक्क पोर्तुगालला अकरा विरुद्ध चार मतांनी मिळाला, दुसरा आठ विरुद्ध सात मतांनी नाकारला गेला, आणि भारताने 1954 मध्ये कोणतेही कर्तव्य मोडले नाही हे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. आंतरराष्ट्रीय कायद्याचे दोन मोठे झरे, लिखित करार आणि रूढी, या एकाच खटल्यात शेजारी शेजारी वाहताना दिसतात. रूढी हा शब्द पुस्तकी वाटत असेल तर वाचकाने खुशाल वहिवाट म्हणावे, अर्थ बिघडत नाही.

खटल्याचे मूळ 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये होते. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक अशा वेगवेगळ्या गटांनी दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांकडून सोडवली. गायक-संगीतकार सुधीर फडके त्या मोहिमेत प्रत्यक्ष होते. हे भारताचे सैन्य नव्हते. भारत सरकारने केले ते एवढेच की दमणहून कुमक नेण्यासाठी पोर्तुगिजांना आपल्या हद्दीतून वाट दिली नाही. पोर्तुगाल 14 डिसेंबर 1955 रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि आठव्या दिवशी त्याने हेगच्या न्यायालयात दावा लावला.

मुक्तीनंतर सात वर्षे जे झाले ते पाठ्यपुस्तकांत क्वचित येते. दादरा-नगर हवेलीत वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. लोक होते, जमीन होती, शासन होते. राज्यसंस्थेची लक्षणे सांगताना 1933 च्या माँटेव्हिडिओ कराराचा दाखला देतात: कायम लोकसंख्या, निश्चित भूभाग, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. पहिली तीन तिथे होती, पण कोणत्याच देशाने तिला राज्य म्हणून मानले नव्हते. ऑगस्ट 1961 मध्ये भारतात विलीन व्हायचे ठरले तेव्हा करारावर सही करायला दुसऱ्या बाजूला कोणीतरी हवे होते. म्हणून के. जी. बदलानी या भारतीय प्रशासकीय सेवेतल्या अधिकाऱ्याला त्या चिमुकल्या प्रदेशाचे पंतप्रधान करण्यात आले आणि त्यांनी पंडित नेहरूंबरोबर सही केली. कायद्याला आपली औपचारिकता किती प्रिय असते हे यावरून समजावे. ती रिकामी नसते. सही करणारा नसता तर विलीनीकरणाला कब्जा म्हणण्याची सोय पोर्तुगालला आयती मिळाली असती.

शब्दांविषयी इथे थोडे बोलले पाहिजे, कारण मराठीत या विषयाची निम्मी अडचण शब्दांची आहे. आपण महाराष्ट्रालाही राज्य म्हणतो आणि फ्रान्सलाही राज्य म्हणावे अशी हे शास्त्र अपेक्षा करते. 'देश' म्हटले की घाटावरच्या माणसाला अजून कोकणाच्या पलीकडचा पठारी मुलूख आठवतो. 'राष्ट्र' म्हणजे आपण एक आहोत अशी भावना असलेला जनसमूह. 'राज्यसंस्था' म्हणजे एका भूभागावर शेवटचा शब्द चालवणारी यंत्रणा. 'सरकार' म्हणजे त्या यंत्रणेची सूत्रे आज ज्यांच्या हाती आहेत ती माणसे. राष्ट्र असून राज्यसंस्था नसलेले लोक आहेत, कुर्द हे त्यांतले ठळक उदाहरण. एका राज्यसंस्थेत अनेक राष्ट्रभावना नांदतात, हेही आपण जाणतो. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द राष्ट्रांचे नाव घेतो, पण त्या टेबलाशी खुर्ची मिळते ती राज्यसंस्थांना. संयुक्त राष्ट्रांत आज 193 सदस्य आहेत आणि ते सगळे राज्यसंस्था आहेत. या पुस्तकात मी हे तीन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवले आहेत, वाचकानेही ठेवावेत.

दुसरा फसवा शब्द 'अराजक'. रोजच्या मराठीत त्याचा अर्थ गोंधळ, दंगल. या शास्त्रात तो अक्षरशः घ्यायचा: ज्यांच्यावर राजा नाही अशी स्थिती. राज्यसंस्थांच्या वर दाद लागेल असे कोणी नाही. हेगच्या न्यायालयात खटला चालतो, पण दोन्ही पक्षांनी त्याचा अधिकार मानला असेल तरच. निकालाची अंमलबजावणी करायला त्याच्याकडे फौजदार नाही. आपल्या जुन्या राजनीतीला ही स्थिती परकी नव्हती. मोठा मासा धाकट्याला गिळतो तो मत्स्यन्याय राज्याच्या आत दंड थांबवतो. राज्याराज्यांमध्ये तो थांबवायला कोणी नाही, हे कौटिल्याने गृहीतच धरले. म्हणून त्याने संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव अशी सहा धोरणे सांगितली. संश्रय म्हणजे बलवानाचा आधार घेणे. द्वैधीभाव म्हणजे एकाशी सलोखा ठेवून दुसऱ्याशी झुंजणे. आजच्या आघाड्या समजून घ्यायला हे शब्द पुरेसे धारदार आहेत. युरोपात 1648 च्या वेस्टफालियाच्या तहांपासून सार्वभौम, परस्परांना समान मानणाऱ्या राज्यसंस्थांची व्यवस्था सुरू झाली असे सांगण्याची रीत आहे. ती कथा फार सरळ करून सांगितली जाते आणि तिच्या समानतेत आशिया-आफ्रिका नव्हते, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी.

गोव्याकडे येऊ, कारण सगळे खेळाडू एकत्र येतात ते तिथे. पोर्तुगालने 1951 मध्ये आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले. शब्द बदलला, हेतू उघड होता: गोवा हा लिस्बनसारखाच पोर्तुगालचा भाग, मग तिथल्या लोकांच्या स्वराज्याचा प्रश्न जगाने विचारायचाच कशाला? डिसेंबर 1955 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबरच्या संयुक्त निवेदनात हा 'प्रांत' शब्द उचलला आणि भारतात संतापाची लाट उसळली. त्याच सुमारास भारताच्या दौऱ्यावर असलेल्या सोव्हिएत नेत्यांनी गोव्याबाबत भारताची बाजू घेतली होती. शीतयुद्धाचे दोन ध्रुव असे मांडवीच्या काठापर्यंत येऊन पोचले. पाच वर्षांनी, 15 डिसेंबर 1960 रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून गोव्यासह पोर्तुगालचे हे 'प्रांत' स्वशासन नसलेले प्रदेश आहेत असे जाहीर केले. आमसभेच्या अशा ठरावामागे सक्ती नसते. तरी त्याने पोर्तुगालच्या हातचा शब्द काढून घेतला, आणि आधी म्हटल्याप्रमाणे या खेळात शब्द म्हणजे मान्यता.

18 डिसेंबर 1961 च्या पहाटे भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि 19 तारखेला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा शरण आले. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम त्यांनी मानला नाही. सैन्य पुढे सरकत असतानाच न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद बसली होती. परिषदेत तेव्हा अकरा सदस्य होते. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी युद्धबंदी आणि भारतीय सैन्य माघारी घेण्याची मागणी करणारा ठराव आणला. बाजूने सात मते पडली. विरोधात चार: सोव्हिएत संघ, संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त), सिलोन आणि लायबेरिया. सात मते ठराव संमत व्हायला पुरेशी होती. पण विरोधातले एक मत कायम सदस्याचे होते. नकाराधिकार म्हणतात तो हा. सोव्हिएत संघाने हात वर केला आणि ठराव पडला.

या मतदानाचा कागद समोर ठेवून एक तास बसावे, अशी माझी वाचकांना शिफारस आहे. ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्यांत 'चीन' दिसतो. तो तैपेईच्या सरकारचा, कारण बीजिंगला ती खुर्ची 1971 मध्ये मिळाली. तुर्कस्तान का? तो नाटोत होता आणि पोर्तुगाल तर 1949 पासून नाटोचा संस्थापक सदस्य. अमेरिकेला अझोर्स बेटांवरचा पोर्तुगालचा तळ हवा होता. मग नाटो युद्धात का उतरली नाही? नाटोच्या करारातले सहावे कलम संरक्षणाचे क्षेत्र आखून देते. अटलांटिकमधली बेटे त्यात येतात तीही कर्कवृत्ताच्या उत्तरेकडचीच, मग गोवा कुठला. ब्रिटनची पोर्तुगालशी मैत्री 1386 च्या विंडसर करारापासूनची. तरी राष्ट्रकुलातल्या भारताविरुद्ध ब्रिटनने एक शिपाई पाठवला नाही. आघाड्या कागदावर जेवढ्या भक्कम दिसतात तेवढ्या प्रत्येक ठिकाणी नसतात. आणि सिलोन, इजिप्त, लायबेरिया ही लहान किंवा नवी राज्ये: त्यांच्याकडे नकाराधिकार नव्हता, पण त्यांच्या तीन मतांमुळे हा प्रश्न फक्त मॉस्को आणि वॉशिंग्टनचा उरला नाही, वसाहती आणि वसाहतवाले यांचा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेलग्रेडला अलिप्त देशांची पहिली शिखर परिषद झाली होती, आणि अंगोलात पोर्तुगालविरुद्ध उठाव सुरू होता.

अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी त्या रात्री भारतावर कडक टीका केली. संयुक्त राष्ट्रांची सनद दुसऱ्या कलमात बळाचा वापर वर्ज्य करते. शांततेची शिकवण देणाऱ्या देशानेच ती मोडली तर ही संस्थाही राष्ट्रसंघासारखी मरेल, असा त्यांचा आशय होता. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांचे म्हणणे असे की वसाहत हेच साडेचारशे वर्षे चालू असलेले आक्रमण आहे, ते संपवणे म्हणजे आक्रमण नव्हे. माझे मत सांगतो. भारताची बाजू न्याय्य होती. चौदा वर्षे वाटाघाटीला नकार, 15 ऑगस्ट 1955 च्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार आणि त्यात वीसहून अधिक बळी, हे सारे पाहता सालाझारने दुसरा मार्ग ठेवला नव्हता. पण स्टीव्हन्सन यांचा प्रश्नही खरा होता. आपल्याला न्याय्य वाटते म्हणून सीमा ओलांडण्याची मुभा सगळ्यांनी घेतली तर लहान राज्यांचे रक्षण कोणता नियम करील? आपला देश बरोबर होता म्हणून हा प्रश्न टाळणारा विद्यार्थी या विषयात फार पुढे जात नाही.

राज्यसंस्थांखेरीजचे खेळाडू या गोष्टीत मी मुद्दाम मागे ठेवले नाहीत; ते पहिल्यापासून आहेतच. 18 जून 1946 रोजी मडगावला राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली तेव्हा कोणतीही राज्यसंस्था त्यांच्या पाठीशी नव्हती. भारतच अजून स्वतंत्र व्हायचा होता. सेनापती बापट, नानासाहेब गोरे, शिरूभाऊ लिमये, मधु लिमये हे 1955 चे सत्याग्रही म्हणजे आजच्या भाषेत राज्येतर घटक. दुसऱ्या बाजूला गोव्याचे लोहखनिज जपानला जात होते, आणि भारताने केलेली नाकेबंदी पोर्तुगीज गोव्याला सोसली ती बऱ्याच अंशी त्या पैशामुळे. व्यापारी हा राजकारणाचा खेळाडू आहे हे आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी आज्ञापत्रात ओळखले होते: टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीमागे त्यांचे राजे आहेत, त्यांना समुद्रकाठी बळकट जागा देऊ नये. बहुराष्ट्रीय कंपन्यांवरच्या प्रकरणात मी पहिला दाखला तोच घेतला आहे.

सिद्धान्तांविषयी इथे थोडक्यात सांगतो, पुढे सविस्तर येईलच. वास्तववादी म्हणेल की गोवा भारताला मिळाला कारण भारताचे सैन्य जवळ होते, पोर्तुगालचे सात समुद्रांपलीकडे, आणि नकाराधिकार आपल्या मित्राकडे होता. उदारमतवादी विचारेल की असे होते तर भारताने चौदा वर्षे वाट का पाहिली, हेगच्या दाव्याला उत्तर का दिले, आमसभेचा ठराव कशाला महत्त्वाचा मानला? रचनावादी सांगेल की 1910 मध्ये वसाहत बाळगणे प्रतिष्ठेचे होते आणि 1961 मध्ये ते लाजिरवाणे झाले. बदलले ते जगाचे मन, आणि तोफांइतकेच वजन त्याला होते. तिघांचेही म्हणणे लक्षपूर्वक ऐकावे. मला स्वतःला तिसऱ्याचे म्हणणे अधिक पटते, पण 1961 च्या डिसेंबरात सैन्य नसते तर नुसते जगाचे मन पणजीपर्यंत पोचले नसते, हेही तितकेच खरे.

ही गोष्ट जुनी झालेली नाही. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण किंवा दीव इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालच्या कायद्याने त्या देशाच्या नागरिकत्वाची नोंद करता येते. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर युरोपात गेले, इंग्लंडातल्या स्विंडनसारख्या शहरांत स्थायिक झाले. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले की भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. एका घरातल्या मुलाने कोणत्या देशाचा नागरिक व्हावे हा निर्णय स्वयंपाकघरात होतो, आणि त्याच्या मुळाशी सार्वभौमत्वाचा तोच जुना वाद असतो. पुढची प्रकरणे वाचताना वर्तमानपत्र हाताशी ठेवा. कोणतीही बातमी आली की आधी विचारा: यात कोण कोणाला काय म्हणून मानत आहे, आणि कोण मानायला तयार नाही?

गोव्याच्या बाबतीत पोर्तुगाल तेरा वर्षे मानायला तयार नव्हता. 25 एप्रिल 1974 रोजी लिस्बनमध्ये क्रांती होऊन हुकूमशाही कोसळली, आणि 31 डिसेंबर 1974 रोजी नवी दिल्लीत करार झाला. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने त्यात लेखी मान्य केले. पोर्तुगालतर्फे मारिओ सोआरेश यांनी सही केली. भारतातर्फे सही करणारे परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण.